थांबला तो जिंकला

'थांबला तो संपला' अशी मराठीत एक म्हण आहे. शर्यतीच्या बाबतीत तर ती कोणालाही सहज पटावी. जेथे सेकंदाच्या दहाव्या भागाचाही हिशेब ठेवला जातो, तेथे जो थांबेल तो मागे पडेल, हे उघड दिसते. परंतु मोटारींच्या शर्यतीत पुष्कळदा याच्या उलट घडते. योग्य वेळी थांबणारा पुढे जातो आणि मुळीच न थांबणारा मागे राहतो. केव्हा थांबावे, किती वेळ थांबावे आणि तेवढ्या वेळात काय काय करून घ्यावे, याची योजना शर्यतीच्या आधीच आखावी लागते. अशी एक योजना, तिच्यावर आलेले संकट आणि त्या संकटातून एका चालकाने काढलेला मार्ग यांची कथा ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे घडली. मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासात ती आजही आदराने सांगितली जाते.

ही कथा समजण्यासाठी दोन गोष्टी आधी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट वजनाची व दुसरी टायरची.

मोटारीचा वेग केवळ तिच्या इंजिनाच्या शक्तीवर अवलंबून नसतो. ती शक्ती किती भार ओढते, यावरही तो अवलंबून असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मोटारीला पुष्कळ इंधन लागते. ते सारे आरंभीच टाकीत भरले, तर मोटार जड होते. जड मोटार वेग घेण्यास वेळ लावते, ब्रेक दाबल्यावर लवकर आवरत नाही आणि वळणावर बाहेरच्या बाजूस ओढली जाते. पायी प्रवासास निघालेल्या मनुष्याने आठ दिवसांची शिदोरी एकदम पाठीवर घेतली, तर त्याची चाल मंदावते. वाटेत चौथ्या दिवशी शिदोरी मिळणार आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो चारच दिवसांची शिदोरी घेऊन हलक्या पावलांनी चालू लागतो. मोटारीचेही तसेच आहे.

आता टायर. मोटार कितीही मोठी असली, तरी रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो चार टायरांच्या चार लहानशा भागांनीच. वेग घेणे, वळणे, थांबणे या तिन्ही क्रिया त्या लहानशा स्पर्शातूनच घडतात. टायरचे रबर मऊ असेल, तर ते रस्त्याला घट्ट धरून राहते; परंतु लवकर झिजते. रबर कठीण असेल, तर ते दीर्घकाळ टिकते. परंतु त्याची पकड कमी असते. शाळेतील खोडरबराचा अनुभव येथे उपयोगी पडेल. मऊ खोडरबर कागदावरील रेघ चटकन पुसते, पण थोड्याच दिवसांत संपते. कठीण खोडरबर वर्षभर पुरते, पण कागदावरून नुसतेच घसरत राहते. शर्यतीच्या चालकाला पकडही हवी असते आणि टिकाऊपणाही हवा असतो. दोन्ही एकाच टायरमध्ये भरपूर मिळत नाहीत. म्हणून त्याला निवड करावी लागते.

शर्यतीच्या रस्त्याला लागून प्रत्येक संघासाठी एक जागा राखून ठेवलेली असते. तिला 'पिट' असे म्हणतात. तेथे मोटार थांबवून इंधन भरता येत असे, चाके बदलता येत असत. आता चालकापुढे दोन मार्ग असत. पहिला मार्ग असा की, टाकी पूर्ण भरावी, कठीण टायर लावावे आणि न थांबता शर्यत पुरी करावी. दुसरा मार्ग असा की, टाकी अर्धी भरावी, मऊ टायर लावावे, हलक्या मोटारीने वेगात जावे आणि मध्ये एकदा थांबून इंधन व टायर नवे घ्यावे. पहिल्या मार्गात थांबण्याचा वेळ वाचतो. दुसऱ्या मार्गात वेग मिळतो. यांपैकी लाभाचा मार्ग कोणता, हे केवळ अंदाजाने ठरत नाही, गणिताने ठरते.

समजा, शर्यत वीस फेऱ्यांची आहे. हलकी मोटार पहिल्या दहा फेऱ्यांत प्रत्येक फेरीला चार सेकंद वाचवते, म्हणजे एकूण चाळीस सेकंद. मग ती थांबते. वेग कमी करणे, उभे राहणे आणि पुन्हा वेग घेणे यांत मिळून पन्नास सेकंद जातात. येथे ती दहा सेकंदांनी मागे पडते. परंतु आता तिचे टायर नवे आहेत. न थांबलेल्या मोटारीचे टायर मात्र झिजलेले आहेत. उरलेल्या दहा फेऱ्यांत नव्या टायरांमुळे प्रत्येक फेरीला दोन सेकंद जरी वाचले, तरी वीस सेकंद मिळतात. म्हणजे शेवटी थांबलेली मोटारच दहा सेकंदांनी पुढे राहते. हे गणित कागदावर सोपे दिसते. परंतु त्यातील एक आकडा जरी चुकला, तरी सारी बेरीज उलटते. पन्नास सेकंदांच्या जागी पिटमध्ये ऐंशी सेकंद गेले तर? न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

न्युर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग जर्मनीच्या पश्चिम भागात, आयफेल नावाच्या डोंगराळ प्रदेशात आहे. नुर्बुर्ग या प्राचीन किल्ल्याभोवतीच्या रानातून तो काढलेला असून १९२७ साली तो शर्यतींसाठी खुला झाला. १९५७ च्या शर्यतीत त्याची एक फेरी सुमारे २२.८ किलोमीटरची होती. एवढ्या अंतरात दीडशेहून अधिक वळणे होती. रस्ता कोठे एकदम चढे, कोठे दरीत उतरे, तर कोठे दाट झाडीत दिसेनासा होई. कित्येक ठिकाणी उंचवट्यावरून जाताना मोटारीची चाके क्षणभर जमीन सोडीत. अशा रस्त्यावर २२ फेऱ्या, म्हणजे ५०० किलोमीटर जायचे होते. त्या काळी या शर्यतींतील चालक आसनाला पट्टा बांधीत नसत. एका चुकीचे मोल कित्येकदा प्राणांनी द्यावे लागे.

या शर्यतीत उतरलेला हुआन मानुएल फांजिओ हा अर्जेंटिना देशातील बाल्कार्से या गावचा. त्याचा जन्म २४ जून १९११ रोजी झाला. त्याचे आईवडील इटलीहून येऊन तेथे स्थायिक झालेले होते. घरची स्थिती साधारण असल्यामुळे लहानपणीच तो मोटारदुरुस्तीच्या कामाला लागला. हातांना तेल लावूनच तो मोटार शिकला. यंत्राचा प्रत्येक आवाज त्याला ओळखीचा होता. कोणता भाग किती ताण सोसेल आणि कोठे तो मोडेल, हे त्याला अनुभवाने कळत असे. पुढे दक्षिण अमेरिकेतील खडबडीत रस्त्यांवरच्या लांबलांब शर्यतींत त्याने नाव मिळवले. युरोपात तो आला तेव्हा त्याचे वय चाळिशीकडे झुकले होते. तरीही १९५१, १९५४, १९५५ आणि १९५६ अशी चार वर्षे त्याने जगज्जेतेपद मिळवले. १९५७ साली तो ४६ वर्षांचा होता आणि इटलीतील मासेराटी या संघाकडून शर्यतीत उतरत होता.

त्याचे मुख्य प्रतिस्पर्धी होते फेरारी संघातील दोन तरुण इंग्रज चालक, माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स. हॉथॉर्नचे वय होते २८ वर्षे, तर कॉलिन्सचे अवघे २५. दोघे एकमेकांचे जिवलग मित्र होते आणि दोघेही उत्कृष्ट चालक होते.

फेरारी संघाने पहिला मार्ग पत्करला. पूर्ण भरलेल्या टाक्या आणि टिकाऊ टायर घेऊन, कोठेही न थांबता शर्यत पुरी करावयाची, असे त्यांनी ठरवले. मासेराटी संघाने व फांजिओने दुसरा मार्ग निवडला. टाकी सुमारे अर्धी भरायची, मऊ टायर लावायचे, पहिल्या बारा फेऱ्यांत जमेल तितके पुढे जायचे आणि मग थांबून इंधन भरायचे व मागची दोन्ही चाके बदलायची. मागच्या चाकांनाच इंजिनाची शक्ती मिळत असल्यामुळे त्यांचे टायर अधिक झिजत. थांबण्यात जाणारा वेळ भरून निघेल एवढी आघाडी आधीच मिळवावयाची, हे या योजनेचे मर्म होते.

शर्यत सुरू झाली. प्रारंभी हॉथॉर्न आणि कॉलिन्स पुढे गेले. फांजिओने घाई केली नाही. दोन फेऱ्यांपर्यंत तो त्यांच्या मागोमाग जात राहिला. तिसऱ्या फेरीत त्याने दोघांनाही मागे टाकले आणि मग हलक्या मोटारीचा लाभ दिसू लागला. प्रत्येक फेरीगणिक अंतर वाढत गेले. बाराव्या फेरीच्या अखेरीस तो पिटकडे वळला, तेव्हा त्याची आघाडी सुमारे २८ सेकंदांची होती. येथवर सारे काही योजनेप्रमाणे झाले होते.

पिटमध्ये मोटार थांबताच कामगार धावले. कोणी इंधनाची नळी उचलली, कोणी मोटार उचलून धरली, कोणी हातोड्याचे घाव घालून चाकाचे मोठे नट सैल करू लागला. अशा वेळी प्रत्येकाचे काम ठरलेले असते. एकाचा हात चुकला, तर बाकीच्यांची चपळाई व्यर्थ जाते. आणि तसेच झाले. एका चाकाचे नट घरंगळत मोटारीखाली गेले आणि ते शोधण्यात मौल्यवान वेळ गेला, असे सांगतात. काम आवरून फांजिओ पुन्हा रस्त्यावर आला, तोवर हॉथॉर्न आणि कॉलिन्स केव्हाच पुढे निघून गेले होते. अठ्ठावीस सेकंदांची आघाडी तर नाहीशी झालीच होती. उलट तो आता पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडला होता.

योजना मोडली होती. पहिल्या बारा फेऱ्यांत सेकंद सेकंद करून साठवलेले धन एका क्षणात उधळले गेले होते. शर्यतीच्या फक्त दहा फेऱ्या उरल्या होत्या. त्यांतील पहिल्या दोन फेऱ्यांत अंतर फारसे कमी झाले नाही. नवे टायर घासून नीट पकड घेऊ लागेपर्यंत त्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. टाकीही नुकतीच भरलेली होती. फेरारीच्या पिटमधील लोकांना वाटले, आता चिंतेचे कारण उरले नाही. हॉथॉर्न आणि कॉलिन्स कधी हा पुढे तर कधी तो पुढे, असे आपसांतच चढाओढ करीत चालले होते.

फांजिओपुढे आता एक साधा पण कठोर भागाकार होता. आठ फेऱ्यांत पाऊण मिनिट भरून काढायचे, म्हणजे प्रत्येक फेरीत सुमारे सहा सेकंद वाचवायचे. मागील वर्षी, १९५६ साली, या रस्त्यावरील शर्यतीत सर्वांत जलद फेरीचा विक्रम त्यानेच केला होता. तो होता ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा. १९५७ च्या शर्यतीपूर्वीच्या चाचणीत त्याने ९ मिनिटे २५.६ सेकंदांची फेरी करून सर्वांत पुढचे स्थान मिळवले होते. आता त्याहूनही अधिक वेग हवा होता.

योजना मोडली, तरी तिच्यातील एक गोष्ट अद्याप त्याच्या हाती होती. त्याच्या मोटारीला नवे, मऊ टायर होते. पुढच्या दोन्ही मोटारींचे टायर मात्र मुळात कठीण आणि त्यातून झिजलेले. त्या दोन टायरांच्या भरवशावर त्याने आपली चालवण्याची रीतच बदलली. ज्या वळणांवर एरवी तो खालचा गिअर घेई, तेथे त्याने वरचाच गिअर ठेवला. त्यामुळे मोटार वळणात अधिक वेगाने शिरे आणि अधिक वेगाने बाहेर पडे. मात्र चुकीला जागाच उरत नसे. प्रत्येक वळणावर तो आपल्या मर्यादेच्या काठावर उभा होता.

फेरीमागून फेरी त्याने फेरीचा विक्रम पुन्हापुन्हा मोडला. विसावी फेरी त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंदांत पुरी केली. चाचणीतील स्वतःच्याच वेळेहून ही फेरी ८.२ सेकंदांनी जलद होती आणि १९५६ च्या विक्रमाहून २४.२ सेकंदांनी. त्या नागमोडी डोंगरी रस्त्यावर हा वेग ताशी सरासरी १४७ किलोमीटरांचा होता.

फेरारीच्या पिटमध्ये आता धावपळ उडाली. घड्याळे खोटे बोलत नव्हती. परंतु आपल्या चालकांना हे सांगायचे कसे? त्या काळी चालकाशी बोलण्यासाठी आजच्यासारखी रेडिओची सोय नव्हती. मोटार समोरून जाताना फलक दाखवणे, एवढाच मार्ग होता. आणि न्युर्बुर्गरिंगची फेरी एवढी लांब होती की, एकदा मोटारी डोंगरात शिरल्या, म्हणजे आठ-नऊ मिनिटांपर्यंत त्यांना काहीही कळवता येत नसे. हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांना संकटाची सूचना मिळाली, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी वेग वाढवला. परंतु झिजलेले टायर आता अधिक देण्यास तयार नव्हते.

एकविसाव्या फेरीत तांबडी मासेराटी दोन तांबड्या फेरारींच्या मागे येऊन भिडली. प्रथम कॉलिन्स मागे पडला. पुढे हॉथॉर्न होता. एका वळणावर आतल्या बाजूस थोडीशी जागा दिसताच फांजिओने मोटार तेथे घातली. रस्ता अपुरा पडला, तेव्हा आतल्या बाजूची चाके गवतावरून गेली. पण तो पुढे निघाला. हॉथॉर्ननेही हार मानली नाही. शेवटच्या फेरीत तो जिवाच्या करारावर पाठलाग करीत राहिला. साडेतीन तासांच्या त्या शर्यतीत फांजिओ अवघ्या ३.६ सेकंदांनी पहिला आला. हॉथॉर्न दुसरा आणि कॉलिन्स तिसरा.

या विजयाने फांजिओचे पाचवे जगज्जेतेपद निश्चित झाले. पाच वेळा जगज्जेता होण्याचा हा विक्रम २००३ सालापर्यंत अबाधित राहिला. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींतील त्याचा हा चोविसावा आणि अखेरचा विजय. पुढच्या वर्षी, १९५८ साली, त्याने शर्यतीतून निवृत्ती घेतली. १९९५ साली त्याचे निधन झाले. त्या दिवशीप्रमाणे आपण पूर्वी कधी मोटार चालवली नव्हती आणि पुन्हा कधी चालवण्याची आपली इच्छाही नाही, असे तो पुढे सांगत असे. ज्या विजयाने त्याची कीर्ती सर्वत्र झाली, त्या विजयातील धोका तो विसरला नाही. पराक्रमाच्या मोहात पडून त्याने आपल्या साहसाचे अवास्तव कौतुक केले नाही.

शर्यत संपल्यावरचे दृश्यही तितकेच सुंदर होते. हातातोंडाशी आलेला विजय गमावलेले हॉथॉर्न आणि कॉलिन्स, आपणच जिंकलो असावे अशा आनंदाने फांजिओचे अभिनंदन करीत होते. कॉलिन्सच्या मनाचा मोठेपणा तर फांजिओला आधीच ठाऊक होता. १९५६ साली दोघे एकाच संघात असताना इटलीतील मोन्झा येथील शर्यतीत फांजिओची मोटार बिघडली. तेव्हा कॉलिन्सला स्वतःला जगज्जेता होण्याची संधी होती. तरीही त्याने आपली चालती मोटार फांजिओच्या स्वाधीन केली. त्या काळच्या नियमांना ते मान्य होते. त्या वर्षीचे जगज्जेतेपद फांजिओला मिळाले, त्यात या त्यागाचा वाटा होता. दुर्दैवाने हा उमदा तरुण ३ ऑगस्ट १९५८ रोजी याच न्युर्बुर्गरिंगवरील शर्यतीत अपघातात मरण पावला. त्या वर्षी हॉथॉर्न जगज्जेता झाला. परंतु मित्रावाचून त्या यशाची गोडी त्याला कितीशी वाटली असेल!

तेव्हापासून मोटारींच्या शर्यतीत पुष्कळ पालट झाला आहे. फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीत २०१० सालापासून मध्येच इंधन भरण्यास बंदी आहे; केवळ टायर बदलता येतात. कोरड्या हवामानातील शर्यतीसाठी तीन प्रकारचे टायर दिले जातात. कठीण टायरवर पांढरी खूण असते, मध्यम टायरवर पिवळी आणि मऊ टायरवर तांबडी. रस्ता कोरडा असेल, तर यांपैकी किमान दोन प्रकार वापरलेच पाहिजेत, असा नियम आहे. त्यामुळे प्रत्येकाला थांबावेच लागते. प्रश्न उरतो तो केव्हा, एवढाच. प्रतिस्पर्ध्याच्या एक-दोन फेऱ्या आधी थांबून नवे टायर घ्यावे आणि तो जुन्या टायरांवर रखडत असताना त्याच्यावर आघाडी मिळवावी, ही आजची एक प्रसिद्ध युक्ती आहे. मात्र जो आधी थांबतो, त्याचे टायर शेवटी आधी झिजतात, हेही विसरून चालत नाही.

थांबण्याच्या कामातही विलक्षण कौशल्य आले आहे. सुमारे वीस माणसे मोटारीभोवती उभी असतात. पुढून एकजण व मागून एकजण मोटार उचलतो. प्रत्येक चाकापाशी तिघे असतात. एक नट सोडतो व आवळतो, दुसरा जुने चाक काढतो, तिसरा नवे बसवतो. चारही चाके बदलण्याचे काम दोन-तीन सेकंदांत पुरे होते. २०२३ साली कतार येथील शर्यतीत मॅकलॅरेन संघाने हे काम केवळ १.८० सेकंदांत केले. या यशामागे हजारो वेळा केलेला सराव असतो. तरीही मोटार पिटच्या अरुंद मार्गातून मंद वेगाने न्यावी लागत असल्यामुळे, एकूण वीस सेकंदांच्या आसपास वेळ खर्च होतोच. म्हणून थांबावे की न थांबावे, हा हिशेब आजही सुटलेला नाही. आज तो संगणकांच्या साहाय्याने मांडला जातो. परंतु एखादे नट अडकले, अकस्मात पाऊस आला किंवा पुढे अपघात झाला, की संगणकाचा कागदही कोराच ठरतो.

अशा वेळी न्युर्बुर्गरिंगची ती शर्यत आठवते. फांजिओ केवळ धाडसाने जिंकला, असे म्हणणे अपुरे आहे. नवे टायर नसते, तर त्याचे धाडस त्याला रस्त्याबाहेर घेऊन गेले असते. तो केवळ योजनेमुळे जिंकला, असेही म्हणता येत नाही. कारण योजनेचा मुख्य लाभ पिटमध्येच हरवला होता. मोडलेल्या योजनेतून काय शिल्लक उरले आहे, हे त्याने शांत चित्ताने पाहिले आणि जे उरले होते त्याचा पुरेपूर उपयोग केला. ज्याने विचारपूर्वक तयारी केलेली असते, त्याची तयारी संकटातही सर्वस्वी वाया जात नाही. विचाराने थांबणारा संपत नाही. पुन्हा निघण्याचे बळ तो त्या थांबण्यातूनच मिळवीत असतो.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) इंधनाने पूर्ण भरलेल्या मोटारीला कोणत्या अडचणी येतात?
(आ) मऊ टायर व कठीण टायर यांच्यातील भेद लेखकाने कोणत्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे?
(इ) फेरारी संघाची योजना व मासेराटी संघाची योजना यांत कोणता फरक होता?
(ई) फेरारीच्या चालकांना संकटाची सूचना वेळेवर का मिळाली नाही?

२. कारणे द्या.
(अ) फांजिओने मोटारीची मागचीच चाके बदलण्याचे ठरवले होते.
(आ) थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन फेऱ्यांत फांजिओला अंतर कमी करता आले नाही.
(इ) आजच्या फॉर्म्युला वन शर्यतीत कोरड्या रस्त्यावर प्रत्येक चालकाला थांबावेच लागते.

३. एका शर्यतीच्या १८ फेऱ्या आहेत. हलकी मोटार पहिल्या ९ फेऱ्यांत प्रत्येकी ३ सेकंद वाचवते. थांबण्यात तिचे ४२ सेकंद जातात. बरोबरी साधण्यासाठी उरलेल्या फेऱ्यांत तिने प्रत्येकी किमान किती सेकंद वाचवले पाहिजेत?

४. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
हातातोंडाशी येणे, जिवाच्या करारावर, अबाधित राहणे, स्वाधीन करणे, पुरेपूर उपयोग करणे.

५. कॉलिन्सच्या स्वभावाचे वर्णन पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.

६. 'थांबला तो संपला' आणि 'थांबला तो जिंकला' यांपैकी कोणते विधान तुम्हांला अधिक पटते? दैनंदिन जीवनातील एखादे उदाहरण देऊन आपले मत मांडा.